भिंतीवरची लढाई

म्हैसूरहून बंगळूरच्या रस्त्याला लागले की साधारण पंधरा किलोमीटरवर कावेरी ओलांडून आपण श्रीरंगपट्टणला पोहोचतो. शाळेच्या सहली तिथे नेहमी जातात. सागवानी खांबांचा दर्या दौलत महाल आणि त्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवरचे भव्य युद्धचित्र सगळे पाहतात. चित्रात इंग्रज पलटणी चौकोन करून उभ्या आहेत. मध्ये पालखीत त्यांचा जखमी सेनापती कर्नल बेली आहे. दारूगोळ्याच्या गाड्यांचा स्फोट होतो आहे आणि म्हैसूरचे घोडेस्वार चहूबाजूंनी तुटून पडत आहेत. ही १० सप्टेंबर १७८० ची पोल्लिलूरची लढाई.

या महालापासून थोड्याच अंतरावर किल्ल्याच्या वायव्य कोपऱ्यात एक स्मारकस्तंभ आहे. ४ मे १७९९ रोजी इंग्रज जिथून तटाला पाडलेल्या खिंडारातून आत घुसले, ती ही जागा. तिथे थांबणारे फार थोडे. चित्रातल्या विजयाला आणि या खिंडाराला जोडणारा माणूस एकच आहे, तो म्हणजे टिपू सुलतान. एवढ्या मोठ्या विजयानंतर एकोणीस वर्षेही पुरी व्हायच्या आत त्याचे राज्य का बुडाले, हा प्रश्न लष्करी शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक छात्राने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

टिपूचा जन्म २० नोव्हेंबर १७५० रोजी देवनहळ्ळी येथे झाला. त्याचे वडील हैदर अली म्हैसूरच्या वडियार राजांच्या सैन्यात साध्या हुद्द्यावरून वर चढलेले. हैदरला लिहिता-वाचता येत नव्हते, पण रणांगण त्याला पुस्तकासारखे वाचता येई. दिंडीगलचा फौजदार असताना त्याने फ्रेंच कारागिरांच्या मदतीने तोफा-बंदुकांचा कारखाना उभा केला. १७६१ पर्यंत राज्याची सत्ता त्याच्या हाती आली. हैदरची दृष्टी साधी होती. शत्रूकडे जे चांगले असेल ते घ्यायचे आणि आपल्याकडे जे चांगले असेल ते त्याला जोडायचे. त्याने फ्रेंच पद्धतीची कवायती पायदळे उभी केली, तरी वेगवान घोडदळ सोडले नाही. १७६९ मध्ये हे घोडदळ घेऊन तो अचानक मद्रासच्या वेशीवर उभा राहिला आणि इंग्रजांना त्याच्या अटींवर तह करावा लागला.

टिपूला मात्र हैदरने शिकवले. फार्सी, कन्नड, उर्दू, अरबी या भाषा आणि सोबत युद्धविद्या. सतरा वर्षांचा होण्याआधीच तो घोडदळाची तुकडी घेऊन मद्रासच्या परिसरात उतरला होता. १७७१ मध्ये मेलकोट्याजवळ चिनकुरळी येथे त्र्यंबकराव पेठ्यांच्या मराठी फौजेने हैदरचा दारुण पराभव केला, तेव्हा टिपूही त्या धामधुमीत होता. पराभूत हैदर श्रीरंगपट्टणात शिरला. मराठे पाठोपाठ बेटापर्यंत आले, पण किल्ला त्यांच्या हाती लागला नाही. मराठ्यांचे बळ घोड्यांच्या टापांत होते, तट फोडण्याच्या जड तोफांत नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा. श्रीरंगपट्टणचा किल्ला इथे पहिल्यांदा वाचला.

म्हैसूरचे खरे नाव झाले ते बाणांमुळे. बाण म्हणजे दारूने उडणारा अग्निबाण, आजच्या भाषेत रॉकेट. हिंदुस्थानात बाण नवे नव्हते. मोगल आणि मराठेही ते वापरत. पण कागदाच्या किंवा बांबूच्या नळीत दारू फार ठासली तर उडण्याआधीच नळी फुटते. म्हैसूरच्या लोहारांनी घडवलेल्या लोखंडाच्या नळ्या केल्या. वीतभर लांब आणि मुठीत मावेल एवढ्या जाडीच्या या नळीत दारू घट्ट ठासता येई आणि आत दाब जास्त सोसला जाई. त्यामुळे जोर वाढला आणि पल्ला किलोमीटरच्या आसपास आणि कधी त्याहून पुढे गेला. नळीला लांब बांबू बांधला की तोल सांभाळला जाई. काही बाणांना बांबूऐवजी तलवारीचे पाते असे. त्या काळी युरोपात कोणाकडेही असे हत्यार नव्हते.

टिपूने यात आणखी भर घातली. त्याने लष्कराची नियमपुस्तिका लिहवून घेतली, तिचे नाव फत्हुल मुजाहिदीन. प्रत्येक मोठ्या पलटणीला सुमारे दोनशे बाणदार जोडले. नळीची जाडी आणि शत्रूचे अंतर पाहून बाण किती तिरका धरायचा, हे बाणदारांना शिकवले जाई. पुढे बाणदारांची संख्या पाच हजारांपर्यंत गेली. बंगळूरचे तारामंडलपेठ हे नाव याच बाणांशी जोडले जाते. म्हणजे नुसते हत्यार नव्हे, तर हत्यार, माणूस, कवायत आणि कारखाना अशी पूर्ण व्यवस्था उभी राहिली होती. नवा शोध म्हणतात तो याला.

आता पुन्हा पोल्लिलूरकडे येऊ. बेलीची तुकडी कांचीपुरमला असलेल्या जनरल मन्रोच्या मुख्य फौजेला मिळायला निघाली होती. टिपूने तिला वाटेत गाठले, मग हैदरही येऊन मिळाला. मन्रो काही कोसांवर असूनही वेळेत आला नाही. लढाई ऐन भरात असताना इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्या पेटल्या. तो मार बाणांचा होता की तोफेचा, यावर मतभेद आहेत, पण स्फोटाने चौकोन फुटला आणि घोडदळ आत घुसले. बेली आपल्या उरलेल्या माणसांसह कैद झाला आणि पुढे श्रीरंगपट्टणच्या कैदेतच वारला. मन्रोने आपल्या जड तोफा कांचीपुरमच्या तळ्यात टाकल्या आणि मद्रासकडे माघार घेतली. कैद्यांमध्ये डेव्हिड बेअर्ड नावाचा एक तरुण अधिकारी होता. साडेतीन वर्षांहून जास्त काळ तो श्रीरंगपट्टणात बेड्यांत राहिला. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

डिसेंबर १७८२ मध्ये चित्तूरजवळच्या छावणीत हैदर वारला आणि टिपू गादीवर आला. मार्च १७८४ मध्ये मंगळूरचा तह झाला, दोन्ही बाजूंनी जिंकलेला मुलूख परत केला. त्याच सुमारास दर्या दौलत महाल उभा राहिला आणि पोल्लिलूरचा विजय भिंतीवर रंगवला गेला.

टिपू हा जुन्याला चिकटून बसणारा राजा होता असे कोणी म्हणणार नाही. नव्याची त्याला विलक्षण ओढ होती. त्याने बंगालमधून रेशमाचे किडे आणून म्हैसूरच्या रेशीम उद्योगाचा पाया घातला. बंदुका आणि तोफांचे कारखाने काढले. तुर्कस्तान आणि फ्रान्सला वकील पाठवून तिथून कारागीर मागवले. नवे पंचांग आणले, महिन्यांची नावे बदलली, वजने-मापे बदलली. लष्करी वाहतुकीच्या बैलांच्या सरकारी खिल्लारांना त्याने अमृतमहाल हे नाव दिले. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोडगू आणि मलबारात त्याने केलेली दडपशाही भयंकर होती. हजारो लोकांना त्याने आपला मुलूख सोडायला लावले. त्याची किंमत पुढे युद्धातच मोजावी लागली.

तिसरे इंग्रज-म्हैसूर युद्ध १७९० मध्ये पेटले. या वेळी मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूला होते. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणजवळ पोहोचला आणि अराकेरे येथे त्याने टिपूला हरवलेही. पण टिपूच्या घोडदळाने आसपासचा चारा-धान्य आधीच जाळून टाकले होते. पाऊस लागला, बैल पटापट मेले, माणसे उपाशी पडली. वेढ्याच्या जड तोफा ओढायला बैलच नसल्याने कॉर्नवॉलिसने त्या स्वतःच्या हाताने फोडल्या आणि माघार घेतली. मेलकोट्याजवळ परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांची मराठी फौज भेटली, तिच्या बाजारात धान्य मिळाले, म्हणून त्याची फौज तगली. श्रीरंगपट्टण दुसऱ्यांदा वाचले.

पुढच्या वर्षी ६ फेब्रुवारीच्या रात्री कॉर्नवॉलिसने हल्ला करून किल्ल्याबाहेरचे मोर्चे घेतले आणि बेटाचा पूर्वभाग ताब्यात घेतला. मुख्य किल्ल्यावर चढाई होण्यापूर्वीच तह झाला. टिपूला निम्मे राज्य द्यावे लागले, ३ कोटी ३० लाख रुपयांची खंडणी कबूल करावी लागली आणि दोन मुलगे ओलीस ठेवावे लागले. तरी किल्ल्याचा तट फुटला नव्हता. श्रीरंगपट्टण तिसऱ्यांदा वाचले.

इथे क्षणभर थांबून विचार करू. १७७१, १७९१, १७९२. तिन्ही वेळा किल्ला वाचला, पण तिन्ही वेळा कारण वेगळे होते. पहिल्यांदा शत्रूकडे तट फोडायचे साधन नव्हते. दुसऱ्यांदा त्याची रसद संपली आणि पाऊस मदतीला आला. तिसऱ्यांदा तह आधी झाला. म्हणजे दगडी तटाची खरी परीक्षा एकदाही झाली नव्हती. पण आत बसलेल्या माणसाला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे किल्ला पडत नाही. विजयाचे कारण न तपासता विजयाची सवय लागते, ती अशी. पुढची सात वर्षे टिपूने तटबंदी आणखी मजबूत करण्यात घालवली. पैसा कमी, मुलूख निम्मा, फौज आटलेली. अशा स्थितीत माणूस नवे काही करून पाहण्यापेक्षा हातात आहे ते घट्ट धरतो. त्यात टिपूचा दोष जेवढा आहे, तेवढीच परिस्थितीची ओढही आहे.

इंग्रजांनी मात्र १७९१ ची माघार अपयश म्हणून तपासली होती. फेब्रुवारी १७९९ मध्ये जनरल हॅरिस वेल्लोरहून निघाला तो धान्य आणि दारूगोळा वाहणाऱ्या बैलांचा प्रचंड तांडा घेऊन आणि पावसाळ्याच्या पुरेसा आधी. दुसरीकडून मुंबईची फौज कोडगूतून येत होती. ६ मार्चला सिद्देश्वरजवळ टिपूने स्वतः तिच्यावर झडप घातली, पण ती अयशस्वी झाली. कोडगूच्या राजाने इंग्रजांना मनापासून मदत केली. त्याच्या मुलखावर झालेला जुलूम तो विसरला नव्हता. २७ मार्चला मळवळ्ळी येथे हॅरिसने टिपूला मागे रेटले.

मग आली या युद्धातली सर्वांत शिकण्यासारखी घटना. हॅरिस कॉर्नवॉलिसच्याच जुन्या वाटेने येणार असे टिपूने धरले होते. त्या वाटेवरचा चारा त्याने १७९१ प्रमाणेच जाळून टाकला होता. हॅरिसने वाट बदलली. सोसले येथे कावेरीला उतार होता, तिथून तो दक्षिण तीरावर गेला. त्या बाजूला चारा, धान्य, गुरे सगळे शाबूत होते. आठ वर्षांपूर्वी ज्या डावाने राज्य वाचवले होते, तोच डाव तसाच्या तसा मांडला गेला, पण समोरचा खेळाडू दुसऱ्या घरात जाऊन बसला. हॅरिस वळसा घालून किल्ल्याच्या पश्चिमेला आला आणि तिथे त्याने तळ दिला.

५ एप्रिलच्या रात्री कर्नल आर्थर वेलस्ली सुलतानपेठच्या आमराईवर चालून गेला. अंधारात त्याच्या माणसांवर बाणांचा आणि बंदुकांचा असा मारा झाला की तुकडी विस्कटली. स्वतः वेलस्लीला जखम झाली आणि त्याला मागे फिरावे लागले. पण दुसऱ्या दिवशी उजेडात, जागेची पाहणी करून आणि तोफा जोडीला घेऊन त्याने तीच आमराई घेतली. एका रात्रीत बाणांची ताकदही कळते आणि मर्यादाही. बाण गोंधळ उडवतो, जनावरे बिथरवतो, दाट उभ्या पलटणीत हाहाकार माजवतो. पण ठरावीक जागी नेमका मारा त्याला जमत नाही. खंदकात दबून, मोर्चे बांधत पुढे सरकणाऱ्या शत्रूपुढे त्याचे काही चालत नाही. पोल्लिलूरचा शत्रू उघड्या मैदानात चौकोन करून उभा होता. १७९९ चा शत्रू जमीन खणत येत होता. हत्यार तेच राहिले, लढाईचा प्रकार बदलला.

२ मे रोजी एक गोळा किल्ल्यातल्या बाणांच्या कोठारावर पडला आणि प्रचंड स्फोट झाला. दुसऱ्या दिवसापर्यंत तटाला खिंडार पडले. टिपूचा हिशेब अगदीच चुकीचा होता असे नाही. हॅरिसचे धान्य संपत आले होते. आणखी काही आठवड्यांत कावेरीला पूर आला असता, तर कदाचित चौथ्यांदा किल्ला वाचला असता. पण मे महिन्यात नदीचे पात्र खडकाळ आणि उथळ होते. ४ मे रोजी भर दुपारी, उन्हाच्या काहिलीत, पहारे सुस्तावतात ती वेळ साधून इंग्रजांनी पात्र ओलांडले आणि काही मिनिटांत खिंडार गाठले. हल्ल्याचे नेतृत्व केले डेव्हिड बेअर्डने, त्याच श्रीरंगपट्टणच्या माजी कैद्याने.

टिपूचा विश्वासू सरदार सय्यद गफार त्याच दुपारी तोफेच्या गोळ्याने मारला गेला होता. टिपू जेवण अर्धवट टाकून उठला आणि तटाकडे धावला. पळून जायची वाट त्याला शोधता आली असती, पण त्याने ती शोधली नाही. एका दरवाजाच्या बोळात, पडलेल्या शिपायांच्या राशीत, संध्याकाळी त्याचा देह सापडला. दुसऱ्या दिवशी गुंबजमध्ये आईवडिलांशेजारी त्याचे दफन झाले. त्याच्या शौर्याबद्दल त्याच्या शत्रूंनाही शंका नव्हती. वडियारांच्या घराण्यातला पाच वर्षांचा मुलगा गादीवर बसवला गेला आणि राजधानी श्रीरंगपट्टणहून म्हैसूरला आली.

लोक या पराभवाचे खापर मीर सादिकच्या फितुरीवर फोडतात. फितुरीचे कारण सोपे असते, कारण ते सांगितले की आणखी काही तपासावे लागत नाही. पण सोसलेचा उतार कोणी फितुरीने दाखवलेला नव्हता आणि बाणांचे तंत्र अठरा वर्षे जवळपास जिथल्या तिथे राहिले, तेही फितुरीमुळे नव्हे.

बाणांचे पुढे काय झाले? किल्ल्यात भरलेले बाण सातशेच्या आसपास आणि रिकाम्या नळ्या नऊ हजारांच्या घरात सापडल्याची नोंद आहे. त्यांचे नमुने इंग्लंडमध्ये वुलिचच्या शस्त्रागारात गेले. तिथे विल्यम काँग्रीव्हने दारूचे प्रमाण, नळीचा आकार आणि पल्ला यांचे मोजमाप घेत प्रयोग केले आणि काही वर्षांतच पल्ला अडीच किलोमीटरच्या पुढे नेला. १८०७ मध्ये इंग्रजांच्या रॉकेटांनी कोपनहेगन शहर पेटले. अमृतमहालचे बैलही इंग्रजांनी सोडले नाहीत. १८०३ मध्ये जालन्याजवळ असईच्या मैदानावर शिंद्यांच्या फौजेचा पराभव करणारा वेलस्ली तोच, आणि त्याची रसद ओढायला म्हैसूरचे बैल होते. म्हैसूरला जे सुचले, ते पुढे नेण्याचे काम म्हैसूरच्या शत्रूने केले.

हे एकट्या म्हैसूरचे दुखणे नाही. शिवछत्रपतींच्या काळात सह्याद्रीचे डोंगरी किल्ले हे युद्धशास्त्रातले मोठे बळ होते. पण किल्ला अजिंक्य आहे हा विश्वास तोफांचे युग बदलल्यावरही राहिला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून उखळी तोफांचा मारा केला आणि रायगड काही दिवसांत पडला. इंग्रजही या रोगातून सुटले नाहीत. काँग्रीव्हची रॉकेटे त्यांच्या लष्कराने कित्येक दशके जपून ठेवली. तोपर्यंत आटे पाडलेल्या नळीच्या तोफा आल्या आणि रॉकेटच मागे पडले.

२०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर गावी एका जुन्या विहिरीच्या गाळात हजारावर बाण सापडले. कधी काळी जगात सर्वांत पुढे असलेले ते हत्यार न वापरता चिखलात पडून राहिले होते.

छात्रांनो, आपल्याकडे सराव किंवा स्पर्धा संपली की चुका शोधायला आपण बसतो, पण बहुधा हरल्यावर. जिंकल्यावर मिठाई वाटतो आणि फोटो भिंतीवर लावतो. टिपूच्या आयुष्यातून घ्यायचे ते हेच, की हरल्यानंतरच्या चौकशीपेक्षा जिंकल्यानंतरची चौकशी जास्त कडक हवी. आपण आपल्या बळावर जिंकलो, की समोरच्याच्या चुकीमुळे, की पाऊस वेळेवर आला म्हणून? त्याने पुढच्या वेळी वाट बदलली तर आपल्याकडे काय आहे?

पुढच्या सहलीत श्रीरंगपट्टणला गेलात तर एक करा. आधी वायव्येच्या खिंडाराजवळ जाऊन उभे राहा आणि खाली नदीचे पात्र पाहा. चित्र पाहायला त्यानंतर जा.